डोरोथिआ टॅनिंगवरील लेखाच्या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

अतिवास्तववादी (म्हणजे स्वप्न आणि नेणिवेतून चित्रे काढणारी) अमेरिकन चित्रकार डोरोथिआ टॅनिंग हिच्या 'आइने क्लाइने नाख्टमुझीक' (१९४३) या चित्रावरील माझ्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. चित्राचे माप द्यायला हवे होते, ही सूचना रास्त आहे : ते ४०.७ बाय ६१ सेंटिमीटर आहे. परंतु "मूळच्या या जाहिरातवाल्या बाईने नवरा माक्स अर्न्स्ट याची शैली उचलली, लेखिकेने आधी अभ्यास करावा" हे आपले वाक्य मला फार लागले. (अर्न्स्ट हा जर्मन अतिवास्तववादी चित्रकार.)

मतभेदाचे मला वावडे नाही. मात्र ज्या व्यक्तीचा एकच लेख आपण वाचला आहे, तिला अभ्यासाचे धडे देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? मी उमेदीची वर्षे मुंबईतील एका जाहिरात संस्थेत साड्यांची चित्रे काढण्यात घालवली आहेत, आणि रेशमाच्या चुणीवर उजेड कुठे तुटतो हे मला तिथेच कळले. टॅनिंगही न्यूयॉर्कमधील मेसीज या दुकानाच्या जाहिराती काढत असे. या चित्रातील मुलींच्या फाटक्या झग्यांकडे नीट पाहिले, तर तो सराव कुठे कामी आला हे दिसते. त्यात हिणवण्यासारखे काय आहे?

राहिली उचलेगिरी. १९३६ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये भरलेले दादा (तर्क आणि संकेत झुगारणारी कलाचळवळ) आणि अतिवास्तववादी कलेचे प्रदर्शन टॅनिंगने पाहिले, तेव्हाच तिची वाट ठरली होती. अर्न्स्ट तिच्या स्टुडिओत आला तो १९४२ साली, स्त्री चित्रकारांच्या प्रदर्शनासाठी चित्रे निवडायला. एकामागून एक उघडत जाणाऱ्या दारांपुढे उभी असलेली ती स्वतः, हे चित्र तेव्हा तिथे होते आणि त्याने त्याला फक्त 'बर्थडे' हे नाव सुचवले. त्यांचे लग्न १९४६ चे. शिवाय खरबरीत पृष्ठभागावर कागद ठेवून घासण्याची, ओला रंग दाबून उचलण्याची अर्न्स्टची तंत्रे 'आइने क्लाइने नाख्टमुझीक'मध्ये मला कुठेच दिसत नाहीत. इथे आहे तो हॉटेलचा जिना, लाल गालिचा, बंद दारे, शेवटच्या किलकिल्या दारातून येणारा पिवळा उजेड, जमिनीवर पडलेले अवाढव्य सूर्यफूल, केस सरळ वर उभे राहिलेली मुलगी, आणि दाराला टेकून हातात तुटकी पाकळी धरलेली दुसरी. ही उदासी अमेरिकेतील गेल्सबर्गसारख्या गावात कंटाळत वाढलेल्या मुलीची आहे. ती नवऱ्याकडून उसनी घेता येत नाही.

मुलींच्या पेहरावाविषयीची आपली नापसंती आणि सूर्यफुलाचा आपण लावलेला अर्थ यांवर मी काही लिहीत नाही. अर्न्स्टच्या ज्या चित्रावरून हे उचलले असे आपण म्हणता, त्याचे नाव आणि साल मात्र अवश्य कळवावे.