"चार वर्षं नगरसेवक नव्हते, काही अडलं का?" हो, अडलं

जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महापालिकांच्या निवडणुका झाल्या आणि तो जुना मेसेज पुन्हा फोनवर येऊ लागला. मजकूर साधारण असा: "चार वर्षं एकही नगरसेवक नव्हता. नळाला पाणी आलं, घंटागाडी आली, रस्त्यावर दिवे लागले. आयुक्तांनी शिस्तीत कारभार केला. राजकारण नाही, भ्रष्टाचार नाही, पैसाही वाचला. कायद्यात प्रशासकाची सोय आहेच. मग हे नगरसेवक हवेत कशाला?"

मला हा मेसेज पाठवणाऱ्यांत माझी मावशी आहे, सोसायटीचे सेक्रेटरी आहेत आणि बँकेतून निवृत्त झालेले एक शेजारी आहेत. तिघंही दर निवडणुकीला न चुकता मतदान करतात. लोकशाहीवर त्यांचा राग नाही, ते वैतागले आहेत, आणि वैतागायला कारणंही आहेत. म्हणूनच या मेसेजला नीट उत्तर द्यावंसं वाटलं.

"नळाला पाणी आलं, घंटागाडी आली." आलीच. ती आणायचं काम नगरसेवकाकडे कधी नव्हतंच. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ चा, मुंबईसाठीचा वेगळा कायदा १८८८ चा. दोन्हींत अंमलबजावणीचा अधिकार आयुक्तांकडे आहे. नगरसेवक असतानाही पाणी खात्याचे लोकच व्हॉल्व्ह फिरवतात, सफाई कामगारच रस्ते झाडतात. सभागृहाकडे कर आणि दर ठरवणं, अंदाजपत्रकाला मंजुरी देणं, उपविधी म्हणजे शहरापुरते नियम करणं, विकास आराखड्यातल्या आरक्षणांचा निर्णय घेणं ही कामं येतात. मोठी कंत्राटं स्थायी समितीत, म्हणजे नगरसेवकांच्या छोट्या समितीत जातात. प्रस्ताव आयुक्तांचा, मंजुरी लोकांनी निवडलेल्यांची आणि अंमल पुन्हा आयुक्तांचा, अशी ती रचना आहे.

मुदत संपून प्रशासक आला, म्हणजे सभागृहाचे अधिकारही आयुक्तांकडेच गेले, की या तिन्ही पायऱ्या एकाच टेबलावर येतात. आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडायचा, स्थायी समिती म्हणून तो मंजूर करायचा आणि मुख्य सभा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांचं सभागृह, म्हणून त्यावर शेवटची सही करायची. कागदावर ठराव क्रमांक पडतो, सभेची तारीख पडते. पण ज्याचा प्रस्ताव, त्याचीच मंजुरी. माणूस कितीही प्रामाणिक असला, तरी स्वतःच्या प्रस्तावावर हरकतीचा मुद्दा तो स्वतः कसा घेणार?

काय अडलं याचं एक उदाहरण पाहा. एप्रिल २०२५ मध्ये मुंबई महापालिकेने घनकचऱ्याच्या नव्या उपविधींचा मसुदा काढला आणि हरकती-सूचना मागवल्या. ५० चौरस मीटरपर्यंतच्या घराला कचऱ्यापोटी महिन्याला १०० रुपये, त्याहून मोठ्या घरांना ५०० आणि १,०००, असे दर त्यात सुचवले होते. शुल्क घ्यावं की नाही यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल, आणि कचऱ्याचा खर्च कुणीतरी भरावा लागतो हे मलाही मान्य आहे. पण लाखो घरांवर दरमहा शुल्क लावण्याचा विचार चालू असताना शहरात एकही निवडलेला नगरसेवक नव्हता. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीला आणि कोपऱ्यावरच्या ४५ चौरस मीटरच्या फ्लॅटला सारखाच दर का, हा प्रश्न कुणी उभं राहून विचारायचा? ईमेलवर हरकत पाठवता येते. तिच्यावर सगळ्यांसमोर उत्तर द्यायला मात्र कुणी बांधील नसतं. सभागृहात उपसूचना आली की ती मतदानाला टाकावी लागते, कुणी हात वर केला आणि कुणी नाही हे इतिवृत्तात उतरतं. पुढच्या निवडणुकीत त्या इतिवृत्ताचा कागद दाखवून मतदार जाब विचारू शकतो.

पुण्यात मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरणावरून हेच दिसलं. प्रशासनाने शहरभर रस्त्यावरच्या पार्किंगला शुल्क लावण्याचा प्रस्ताव आणला, मोर्चे निघाले, मुख्य सभेत रात्रीपर्यंत वाद झाले आणि शेवटी प्रायोगिक म्हणून मोजक्याच रस्त्यांपुरतं ते मंजूर झालं. सभागृहाने तेव्हा चूक केली, असं वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्या अनेकांना वाटतं. मलाही थोडं तसंच वाटतं. पण ती चूक कुणी केली हे सगळ्या शहराला माहीत होतं.

आता "राजकारण नाही" हे वाक्य. मेसेजमधलं सगळ्यात भाबडं वाक्य हेच. आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करतं, बदलीही तेच करतं. प्रशासक असलेला आयुक्त फक्त मंत्रालयाला उत्तर देतो. महापालिकेतलं राजकारण सभागृहातून उठलं आणि मंत्र्यांच्या दालनात जाऊन बसलं, एवढाच फरक पडला. जानेवारी २०२४ मध्ये माहिती अधिकारातल्या कागदांवर आधारलेली एक बातमी आली होती. मुंबई महापालिकेने आमदारांच्या मतदारसंघांतल्या कामांसाठी जो निधी दिला, तो सत्ताधारी बाजूच्या आमदारांना मिळाला, विरोधी आमदारांच्या वाट्याला काही आलं नाही. निधीच्या मागणीला पालकमंत्र्यांची मान्यता लागत होती. सभागृह असतं तर तिथेही सत्ताधाऱ्यांनी स्वतःच्या प्रभागांना झुकतं माप दिलं असतं, हे खरं. पण विरोधी पक्षनेत्याने तिथेच आकडे वाचून दाखवले असते. इथे माहिती अधिकाराचा अर्ज करून ते बाहेर काढावे लागले.

या मुद्द्यावर मावशी हमखास सनदी अधिकारी तुकाराम मुंढे यांचं नाव घेते. "बघ, चांगला अधिकारी आला की सगळे नगरसेवक एक होतात." मुंढे नवी मुंबईचे आयुक्त असताना ऑक्टोबर २०१६ मध्ये तिथल्या सभागृहाने त्यांच्यावर १०४ विरुद्ध ६ मतांनी अविश्वास ठराव मंजूर केला, हे खरंच घडलं. नगरसेवकांच्या बाजूने बोलताना मी ते लपवणार नाही. पण त्यानंतर काय झालं? सरकारने त्यांना तेव्हा हलवलं नाही, बदली झाली ती थेट मार्च २०१७ मध्ये. म्हणजे आयुक्ताला ठेवायचं की पाठवायचं, हे त्या भांडणातही मंत्रालयानेच ठरवलं. चांगला अधिकारी मिळणं हा शहराचा हक्क नसतो, ते नशीब असतं. आणि तो किती दिवस राहील हे त्याच्याही हातात नसतं.

"भ्रष्टाचार नाही." स्थायी समितीचं नाव टक्केवारीशी जोडलं जातं, आणि ते उगाच जोडलं जात नाही. मुंबईच्या मुख्यतः नगरसेवकांच्या काळातल्या कारभारावर महालेखापरीक्षकांचा अहवाल २०२३ मध्ये विधिमंडळात आला, त्यात निविदेशिवाय दिलेल्या कामांवर ताशेरे होते. मात्र सभागृह नसलं की कंत्राटं आपोआप शुद्ध होतात, हेही कुठे दिसलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत रस्ते काँक्रिटीकरणाची सुमारे ६ हजार कोटींची कामं दिली गेली, प्रशासकाच्या सहीने. त्यातल्या दक्षिण मुंबईच्या कंत्राटदाराने कामच नीट सुरू केलं नाही, म्हणून त्याच वर्षी ते कंत्राट पालिकेला रद्द करावं लागलं. स्थायी समितीत या कामांवर चर्चा झाली असती तर सगळं सुरळीत झालं असतं, असा दावा मी करत नाही. पण इतकी कामं पाचच कंत्राटदारांना का, हा प्रश्न सही होण्याआधी विचारायची जागाच तेव्हा नव्हती.

पैसा वाचला म्हणतात, त्याचा हिशेब छोटा आहे. २०१७ मध्ये राज्य सरकारने मानधन वाढवलं, तेव्हा मुंबईच्या नगरसेवकाला महिन्याला २५ हजार रुपये ठरले. नगरसेवक २२७. वर्षाचे होतात ६ कोटी ८१ लाख. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं. म्हणजे दर दहा हजार रुपयांत एक रुपयाही नाही. बैठक भत्ते, गाड्या, दौरे धरून हा आकडा कितीही पट करा. एका उड्डाणपुलाच्या वाढीव खर्चाला कुणी प्रश्न न विचारल्याने जेवढं जाऊ शकतं, त्यापुढे तो काहीच नाही.

"कायद्यात सोय आहे" याचं उत्तर राज्यघटनेतच आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेला २४३ यू हा अनुच्छेद म्हणतो की पालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. मुंबईची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली, पुण्याची १४ मार्चला. नवी मुंबई आणि तेव्हाचं औरंगाबाद तर २०२० पासूनच प्रशासकाकडे होतं, म्हणजे तिथे नगरसेवकाविना पाच वर्षांहून जास्त काळ गेला, एक अख्खी मुदत. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता, हे कारण खरं होतं. पण मधल्या काळात प्रभागरचनेचा खेळही झाला. मुंबईच्या जागा एका सरकारने २२७ च्या २३६ केल्या, पुढच्या सरकारने त्या पुन्हा २२७ वर आणल्या. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असं सांगितलं, आणि तरी पुढे मुदतवाढ लागली. तात्पुरती सोय म्हणावी असं यात काय होतं?

माझ्या मते मात्र सगळ्यात मोठं नुकसान याच्याही पलीकडचं आहे. सभागृह नसलं की शहराचे निर्णय शहराचे राहत नाहीत. पुण्याची मिळकतकराची ४० टक्के सवलत घ्या. स्वतःच्या घरात राहणाऱ्यांना ही सवलत पुण्याच्या मुख्य सभेने १९७० साली ठराव करून दिली. जवळजवळ पन्नास वर्षं ती चालली. मग लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, राज्य सरकारने ठराव विखंडित म्हणजे रद्द केला आणि २०१९ मध्ये सवलत निघाली. लोकांनी ओरड केली, नेत्यांनी मंत्रालयाच्या फेऱ्या मारल्या आणि २०२३ मध्ये ती राज्य मंत्रिमंडळाच्या बैठकीत परत आली. पुण्यातल्या दोन खोल्यांच्या घराचा कर किती, हे त्या दिवशी मुंबईत ठरलं, आणि पुण्यात तेव्हा त्यावर बोलायला सभागृह नव्हतंच. १९४९ च्या कायद्याप्रमाणे पुढच्या वर्षाचे करांचे दर महापालिकेने २० फेब्रुवारीच्या आत ठरवायचे असतात. त्या सभेला मी एकेकाळी प्रेक्षक गॅलरीत बसलो आहे. दरवाढीचा प्रस्ताव नगरसेवक कसा फेटाळतात, निवडणूक जवळ असली की कसे हिरिरीने फेटाळतात, हे डोळ्यांनी पाहिलं आहे. प्रशासकाच्या काळात गॅलरीत जाऊन बसण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आमच्या गल्लीतल्या पावसाळी गटाराचंही सांगतो. तीन पावसाळे आम्ही कार्यालयात पत्रं दिली. दर वेळी उत्तर एकच, "प्रस्ताव मान्यतेसाठी सादर केला आहे." कुणाकडे सादर केला, मान्यता का आली नाही, हे सांगणारं कुणी नाही. पूर्वी हेच पत्र नगरसेवकाच्या हातात दिलं की त्याचा लेखी प्रश्न व्हायचा आणि खात्याला कार्यपत्रिकेत छापील उत्तर द्यावं लागायचं. उत्तर खोटं निघालं तर ते कोणत्या पानावर आहे हे दाखवता यायचं.

मेसेजमधलं खरं तेही मान्य करायला हवं. राजदंड पळवणं, गोंधळात विषय मंजूर करणं, एकामागून एक सभा तहकूब करणं, हे सगळं मी पाहिलं आहे. त्यातही मला सगळ्यात जास्त राग येतो तो आयत्या वेळच्या विषयांचा. कोट्यवधींची कामं कार्यपत्रिकेत नसताना शेवटच्या क्षणी टेबलावर येतात आणि "मंजूर, मंजूर" म्हणत निघून जातात. निवडून आलेले सदस्य असं वागतात तेव्हा प्रशासकाच्या खोलीत आणि सभागृहात काही फरक उरत नाही, आणि या मेसेजला बळ मिळतं ते तिथेच.

आमच्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांना मी एकच पत्र दिलं आहे. प्रत्येक सभेची कार्यपत्रिका सभेआधी महापालिकेच्या संकेतस्थळावर लागावी, असा ठराव पहिल्या तीन महिन्यांत मांडा. आयत्या वेळी आलेल्या प्रत्येक विषयाचं कारण इतिवृत्तात लिहायला लावा. मत दिलं असेल तर काय दिलं ते आम्हाला कळवा. चारपैकी तिघांच्या कार्यालयातून पोच मिळाली आहे. चौथ्यांकडे सोमवारी पुन्हा जाणार आहे.