गिटारवाल्याची बायको

२०२५ च्या जुलैमध्ये ब्लॅक सबाथ या रॉक बँडचा गायक ऑझी ऑस्बर्न गेला. बर्मिंगहॅममध्ये त्याची अंत्ययात्रा निघाली, ब्लॅक सबाथच्या नावाच्या पुलापाशी त्याची बायको शॅरन फुलं ठेवायला उतरली, आणि तो फोटो सोलापुरातल्या वाजवणाऱ्यांच्या ग्रुपवरही फिरला. खाली एकामागून एक 'अशी साथ पाहिजे', 'बायको असावी तर अशी' आणि जोडलेले हात. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे. माझा नवरा गिटार वाजवतो, अक्कलकोटपासून पंढरपूरपर्यंत त्याला नाव आहे, त्यामुळे 'बायको असावी तर अशी' हे मलाही बऱ्याचदा ऐकायला मिळतं. मला ते अजिबात आवडत नाही.

आधी शॅरनचंच बघा. १९७९ साली बँडने ऑझीला काढून टाकलं तेव्हा तो दारू आणि ड्रग्जमध्ये पार बुडालेला होता. तिचे वडील बँडचे मॅनेजर. त्यांच्याशी वैर पत्करून तिने ऑझीचं काम हातात घेतलं, त्याला पुन्हा उभा केला. लग्न त्यानंतर, १९८२ मध्ये. लोलापलूझा या अमेरिकेतल्या रॉक फेस्टिव्हलवाल्यांनी त्याला घ्यायला नकार दिला तर १९९६ मध्ये तिने ऑझफेस्ट हा स्वतःचाच फेस्टिव्हल सुरू केला. बाई व्यवहाराला पक्की आहे ओ! आणि १९८९ मध्ये याच नवऱ्याने नशेत तिचा गळा आवळला होता, पोलीस त्याला घेऊन गेले होते. तिने पुढे तक्रार लावून धरली नाही, संसार चालू ठेवला. तो तिचा निर्णय, त्यावर बोलणारी मी कोण? पण तुम्ही जेव्हा 'साथ, साथ' करत हार घालता तेव्हा ती रात्रही पुसता आणि तिची मॅनेजरकीही पुसता. उरते फक्त फुलं ठेवणारी बाई.

आता आमच्याकडचं. गणपती, नवरात्र, मग लग्नसराई, जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा आणि कॉलेजांची गॅदरिंग. हा सीझन. पितृपक्षात सुपारी नाही, चातुर्मासात लग्नं नाहीत. सुपारी ठरली तरी विसार हातावर टेकवतात आणि उरलेले 'दादा, उद्या सोडतो'. तो उद्या कधी दिवाळीत उजाडतो. गिटारच्या अँप्लिफायरचा हप्ता मात्र पाच तारखेला बरोबर जातो, आणि तो जातो माझ्या पगारातून. मी शाळेत गणित शिकवते. आमच्या बँडचा सगळ्यात मोठा स्पॉन्सर कोण, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे, पण बॅनरवर नाव एका बिल्डरचं असतं.

ही तक्रार नाहीये, हिशेब आहे. नवऱ्यालाही तो माहीत आहे, कारण वही त्याच्यासमोर उघडी असते.

लोकांना वाटतं, कलाकाराच्या घरात सकाळ-संध्याकाळ मैफल असेल. त्याच्या डाव्या हाताच्या बोटांची टोकं तारांनी इतकी घट्ट झालीत की तव्यावरची भाकरी तो डाव्याच हाताने उचलतो. डाव्या कानात कायम शिट्टी वाजते. इतकी वर्षं झांजांच्या शेजारी उभा राहून ती आलीय. म्हणून महत्त्वाचं काही सांगायचं असलं की मी उजव्या बाजूला जाऊन बसते. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज तासन्‌तास ऐकला की कान जायला लागतात, स्टेजवर तो शंभराच्या वर सहज जातो. कानात घालायचे बोळे मी आणून दिलेत. 'त्यानं साउंड कळत नाही' म्हणून ते गिटारच्या पेटीत पडून आहेत, तारांच्या पाकिटांखाली. ह्या विषयावर आमचं होतं ते खरं भांडण. तुम्हाला वाटतं ते चाहत्या मुलींवरून नव्हे.

मुली येतात, त्याचं काही नाही. 'वैनी, जरा फोटो काढता का ओ?' म्हणत फोन माझ्याच हातात देतात. काढते. चांगले काढते.

गेटवर अडवलं जाण्याचा प्रकार मात्र मला अजून लागतो. एका मंडळाच्या कार्यक्रमात त्याचा डबा घेऊन गेले, तर स्टेजच्या बाजूला उभ्या असलेल्या पोराने 'ताई, मागं व्हा, सगळेच ओळखीचे म्हणतात' म्हणून परत लावलं. तेव्हा बीटल्सच्या जॉन लेननची पहिली बायको, सिंथिया लेनन आठवली. १९६२ मध्ये तिचं जॉनशी लग्न झालं आणि पोरींचा हिरमोड होऊ नये म्हणून ते लपवून ठेवलं. पुढे ऑगस्ट १९६७ मध्ये बीटल्स महर्षी महेश योगींच्या शिबिराला वेल्समधल्या बँगोरला निघाले होते. लंडनच्या युस्टन स्टेशनवर गर्दीत पोलिसाने तिला चाहती समजून अडवलं. गाडी सुटली, नवरा गाडीत, ही फलाटावर. जिचं असणंच सुरुवातीला झाकून ठेवलं, तिला ओळखणार कोण?

आणि बँड फुटला की मात्र बायको सगळ्यांना बरोबर ओळखू येते. बीटल्सचं खापर जॉनच्या दुसऱ्या बायकोवर, योको ओनोवर फुटलं ते आजवर. त्यांचा मॅनेजर एपस्टाइन १९६७ मध्ये वारल्यावर पैशांचा कारभार कुणी बघायचा यावरून चौघांत किती फाटलं होतं, ते कोण लक्षात ठेवतो! आमचा पहिला बँड ड्रमरला पुण्यात नोकरी लागली म्हणून बंद पडला. पार्क चौकातल्या गप्पांमध्ये अजून माझंच नाव आहे.

ह्या सगळ्यांत मला पटते ती शर्ली वॉट्स. रोलिंग स्टोन्स या बँडचा ड्रमर चार्ली वॉट्स, त्याची बायको. १९६४ मध्ये गुपचूप लग्न केलं. ती शिल्पकला शिकलेली. पुढे डेव्हनमध्ये तिने अरबी घोड्यांची पैदास केली आणि त्या क्षेत्रात स्वतःचं नाव कमावलं. तो दौऱ्यावर जिथं झोपेल त्या प्रत्येक हॉटेलातल्या पलंगाचं चित्र काढायचा, ती घोड्यांत. २०२१ मध्ये तो जाईपर्यंत संसार टिकला. दारूड्या नवऱ्याला सावरलं म्हणून तिचे फोटो फिरले नाहीत, तरी मला वाटतं तिचाच संसार सगळ्यांत शहाणा. निदान तिला सांगण्यासारखं स्वतःचं काही होतं.

सोलापूरला हा नाद नवा नाही. पेशवाईतला शाहीर राम जोशी आमचाच. पुराणिकाच्या घरातला पोरगा तमाशाच्या फडात गेला, भावाने घराबाहेर काढला. त्याच्या लावण्या म्हणणारे आजही भेटतात. घरच्या बाईने ते दिवस कसे काढले असतील, हे विचारणारा मला अजून कुणी भेटला नाही.

तर यंदापासून मी शॅरनचा अर्धा भाग उचललाय, धंद्याचा. मॅनेजर म्हणून माझा टक्का वहीत वेगळा लागतो आणि तो आधी निघतो. आताच्या ड्रमरने तोंड वाकडं केलं, मग मागच्या वर्षीची उधारी मी वसूल करून आणल्यावर सरळ केलं. गणपतीच्या तारखा भरत आल्यात. मंडळवाल्यांनी दादांना गाठून काही उपयोग नाही, फोन मला करायचा, शाळा सुटल्यावर. विसार निम्मा. तो आल्याशिवाय तारीख धरली जाणार नाही. रात्री दहाला स्पीकर बंद, सवलतीचे दिवस सोडून. आणि स्टेजपाशी उभ्या राहणाऱ्या पोराला माझा फोटो आधी दाखवून ठेवा.