लिंकनने घटना मोडली म्हणणाऱ्यांनी हे जरा वाचा

एक मेसेज खूप फिरतोय, की अमेरिकेत गुलामी कायदेशीर होती, राज्यांना फुटून निघायचा हक्क होता आणि तेव्हाचे अध्यक्ष लिंकन यांनी घटना धाब्यावर बसवून दक्षिणेवर गृहयुद्ध लादलं न् गुलामी संपवली. हे खरं नाहीये.

मुळात युद्ध त्याने गुलामी संपवायला सुरूच केलं नव्हतं. ४ मार्च १८६१ च्या शपथविधीच्या भाषणात तो सरळ म्हणाला की जिथे गुलामी आहे त्या राज्यांत मी हात घालणार नाही, पण तोवर ७ राज्यं फुटलीसुद्धा होती आणि १२ एप्रिलला फोर्ट सम्टर या केंद्र सरकारच्या किल्ल्यावर तोफा डागल्या त्या दक्षिणेने. बंड मोडायला फौज बोलवायची तरतूद घटनेतच आहे, आणि राज्यांनी आपला वेगळा संघ करायचा नाही हेही तिथेच लिहिलंय.

"राज्यांचे हक्क" म्हणाल तर साउथ कॅरोलिनाने बाहेर पडताना दिलेलं कारण वाचा. तक्रार काय, तर उत्तरेतली राज्यं पळून आलेले गुलाम परत देत नाहीत. म्हणजे उत्तरेच्या राज्यांचे हक्क यांना नकोच होते!

हेबिअस कॉर्पस (अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागायचा हक्क) गुंडाळून लोकांना डांबलं त्यावर लिंकनला जरूर धरा, पण तो विषय वेगळा.

१ जानेवारी १८६३ चा गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा त्याने सेनापती म्हणून काढला, तोही बंडखोर भागापुरताच. केंटकी, मेरीलँड ही गुलामी असलेली राज्यं युनियनमध्येच (न फुटलेल्या अमेरिकेत) होती म्हणून तिथले गुलाम या जाहीरनाम्याने सुटले नाहीत, हे वाईटच, पण घटना मोडणारा माणूस तिथे कशाला थांबला असता? कायमची बंदी आली ती १३ व्या घटनादुरुस्तीने, ती ३१ जानेवारी १८६५ ला हाउसमध्ये (संसदेच्या कनिष्ठ सभागृहात) ११९ विरुद्ध ५६ मतांनी पास झाली आणि मग राज्यांच्या मंजुरीला गेली.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. मंजुरीला ३६ पैकी तीन चतुर्थांश म्हणजे २७ राज्यं हवी होती आणि डिसेंबर १८६५ मध्ये ती भरली तेव्हा त्यातली ८ हरलेल्या दक्षिणेची होती, त्यांच्यावर दबाव होता, मान्य. पण मग बंड केलेली ११ च्या ११ (आधीची ७ आणि नंतर फुटलेली ४) बाजूला काढा ना, उरली २५, त्यांचे तीन चतुर्थांश म्हणजे १९, आणि तोवर मंजुरी दिलेली बाकीची राज्यं बरोब्बर १९ च आहेत. दक्षिण धरा नाहीतर सोडा, दुरुस्ती पास होतेच. आणि दक्षिण कायदेशीरपणे बाहेर पडली होती असं ज्यांचं म्हणणं आहे, त्यांना तर ती ११ राज्यं मोजताच येत नाहीत.