फिलिपिनो मिथके आणि अद्भुतकथेचे लेखक: एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

अद्भुतकथा लिहिणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला बराच फिरतो आहे. त्याचा आशय असा: युरोपीय व्हॅम्पायर, पऱ्या आणि चेटकिणी वापरून वापरून गुळगुळीत झाल्या असतील, तर फिलिपिन्सच्या पुराणकथांकडे वळावे. तिथला आस्वांग म्हणजे व्हॅम्पायरच, दिवाता म्हणजे परी आणि बाबायलान म्हणजे चेटकीण. हे सारे मुळात भारत आणि स्पेनकडून आलेले असल्यामुळे त्यात अस्सल असे थोडेच आहे. तिथल्या जादूला नियम नसल्याने लेखकाला रान मोकळे आहे. आणि या श्रद्धा आता मागे पडल्यामुळे त्यांच्या वापराने कोणाचेही काही बिघडत नाही. आग्नेय आशियातील मिथके आपल्या लेखनात यावीत, असे मलाही मनापासून वाटते. परंतु या सल्ल्यातील प्रत्येक विधान तपासल्यावर डळमळते, आणि त्याच्या आधारे घडवलेली पात्रे नावापुरतीच फिलिपिनो उरतात.

प्रथम आस्वांग. हे एका प्राण्याचे नाव नसून अनेक भीतींना मिळून दिलेले नाव आहे. प्रेते पळवणारा, कुत्र्याचे किंवा डुकराचे रूप घेणारा, रक्त शोषणारा, असे त्याचे प्रकार प्रांतागणिक बदलतात. त्यांतील मनानंगगल ही बहुधा स्त्री असते. रात्री तिचे धड कंबरेपासून सुटते, तिला वटवाघळासारखे पंख फुटतात आणि ती गर्भवतीच्या घराच्या छपरातून लांब, बारीक जीभ खाली सोडते. मागे उभ्या राहिलेल्या तिच्या खालच्या भागावर मीठ किंवा राख टाकली, की तिला पहाटेपूर्वी पुन्हा जुळता येत नाही आणि तिचा अंत होतो. टिकटिक नावाच्या प्रकारात तर आवाज जितका क्षीण ऐकू येतो, तितके संकट जवळ आलेले असते. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय साहित्याने घडवलेला व्हॅम्पायर हा बहुधा परका, उमराव आणि दूरच्या वाड्यात राहणारा असतो. आस्वांग मात्र दिवसा आपल्याच गल्लीत राहणारी, बाजारात भेटणारी, बाळंतिणीची चौकशी करणारी शेजारीण असू शकते. त्या कथेचा जीव दातांत नसून गावाच्या आपसातल्या संशयात आहे, आणि तोच काढून टाकला तर लेखकाच्या हाती फक्त पंख उरतात.

शिवाय कालक्रमही या समीकरणाच्या विरुद्ध जातो. फ्रान्सिस्कन धर्मगुरू हुआन दे प्लासेन्सिया यांनी 1589 मध्ये मनिलाच्या परिसरातील तागालोग लोकांच्या चालीरीतींविषयी जे टिपण लिहिले, त्यात उडणारा आणि माणसांचे मांस खाणारा ओसुआंग, म्हणजे आस्वांगच, आधीच नोंदवलेला आहे. तो मधल्या बेटांवरील विसाया लोकांमध्ये आढळतो, तागालोगांमध्ये नाही, असेही ते सांगतात. म्हणजे प्रादेशिक भेद तेव्हाही होता, आणि ‘फिलिपिनो’ असा एकसंध साचा तेव्हाही नव्हता.

सारे उसने आहे, या विधानात अर्धे सत्य आहे, आणि म्हणूनच ते अधिक फसवे आहे. दिवाता (निसर्गाची रक्षक देवता) आणि बाथाला (तागालोगांचा सर्वश्रेष्ठ देव) ही नावे संस्कृतमधून आली, कापरे हे झाडावर राहणाऱ्या राक्षसाचे नाव अरबीतून स्पॅनिशमार्गे आले, आणि लागुना येथे सापडलेल्या ताम्रपटावर शके 822, म्हणजे इ.स. 900, हा काळ कोरलेला आहे. भारतीय वाचकाला याचा आनंद होणे स्वाभाविक आहे; मात्र त्या आनंदात ‘हे तर आपलेच’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. माकिलिंग पर्वताची रक्षक दिवाता मारिया माकिलिंग हिची कथा फिलिपिन्सचे राष्ट्रीय नायक मानले जाणारे लेखक होसे रिसाल यांनी 1890 मध्ये ‘ला सोलिदारिदाद’ या पत्रात लिहिली. त्यात ती गावकऱ्यांना सणासमारंभासाठी कपडे आणि दागिने उसने देते, आणि परतफेडीसोबत अंडी न घातलेली पांढरीशुभ्र कोंबडी मागते. लोकांनी शब्द पाळला नाही, तेव्हा तिचे देणे थांबले. लग्नकार्यासाठी भांडी देणाऱ्या आणि कोणीतरी एक भांडे ठेवून घेतल्यावर कायमची मुकी झालेल्या तळ्यांच्या दंतकथा आपल्या गावोगावी आहेत. त्या ऐकलेल्या वाचकाला तिचा स्वभाव लगेच ओळखता येईल. ती इच्छापूर्ती करणारी परी नव्हे. तिचे पर्वताशी आणि माणसांशी देण्याघेण्याचे नाते आहे.

जादूला नियम नाहीत, हे विधान तर मला सर्वांत अन्यायकारक वाटते, कारण तिथे नियमांचीच दाटी आहे. वारुळासारख्या ढिगाऱ्यात राहणाऱ्या नुनो या बुटक्या आत्म्याला ओलांडून जाण्यापूर्वी ‘ताबी-ताबी पो’ म्हणून वाट मागावी लागते. ती न मागितल्यास आजार जडतो. मग अल्बुलार्यो, म्हणजे गावचा वैदू, वितळलेले मेण पाण्यात सोडून उमटलेल्या आकारावरून रोग्याच्या हातून कोणाचा अपराध घडला, हे ओळखतो. घोड्याच्या डोक्याच्या टिकबालांगने रानात वाट चुकवली, तर सदरा उलटा करून घालावा. बारांग नावाची करणी करणारा कीटकांकरवी शत्रूला पीडा देतो. आंतिंग-आंतिंग या ताईताची शक्ती गुड फ्रायडेशी जोडलेली असते आणि त्यासोबत मोडक्या लॅटिनमधील मंत्र म्हटले जातात. परवानगी, परतफेड, योग्य दिवस, योग्य शब्द: कथानक उभे करायला लेखकाला याहून चांगली सामग्री कुठे मिळणार?

बाबायलानला चेटकीण म्हणणे ही भाषांतरातील किरकोळ चूक नाही, कारण तो शिक्का स्पॅनिश मिशनऱ्यांनीच मारला होता. बाबायलान या मुख्यतः स्त्रिया होत्या, काही ठिकाणी स्त्रीवेशात राहणारे पुरुषही होते. रोग बरे करणे आणि पूर्वजांच्या आत्म्यांशी बोलणे ही त्यांची कामे. बोहोल बेटावर 1621 मध्ये ताम्ब्लोत नावाच्या अशाच एका पुरोहिताने स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव केला. असे पात्र लिहायचे असेल, तर तिला झाडू देण्यापेक्षा तिच्या खांद्यावरची गावाची जबाबदारी दाखवणे अधिक खरे ठरेल.

शेवटचे विधान, की या श्रद्धा मेल्या आहेत आणि त्यांचा वापर निरुपद्रवी आहे. सिकिहोर बेटावर आजही पवित्र सप्ताहात वैदू औषधी गोळा करतात. कापिस प्रांताच्या लोकांना आस्वांगांच्या गावचे म्हणून अजूनही टोमणे ऐकावे लागतात. आणि गैरवापराचे उदाहरण नोंदलेले आहे: अमेरिकी अधिकारी एडवर्ड लान्सडेल यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे, की 1950 च्या दशकात हुक या कम्युनिस्ट बंडखोरांना घाबरवण्यासाठी एका बंडखोराला पकडून त्याच्या मानेला दोन छिद्रे पाडण्यात आली आणि रक्त काढून मृतदेह वाटेवर टाकण्यात आला. ती दोन छिद्रे व्हॅम्पायरची खूण आहे, मनानंगगलची नव्हे. आस्वांग आणि व्हॅम्पायर एकच मानणारी समजूत तिथे एका माणसाच्या हत्येसाठी वापरली गेली.

सर्वच सामग्री सारखी खुली नाही, हेही लेखकाने ध्यानात घ्यावे. घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या टिकबालांगच्या गोष्टी आणि डोंगराळ भागातील इफुगाओ लोकांचे हुधुद हे परंपरागत कथागायन किंवा आदिवासी समाजांचे विधी यांत फरक करावा लागतो. फिलिपिन्सच्या 1997 च्या आदिवासी हक्क कायद्याने या समाजांच्या सांस्कृतिक आणि धार्मिक ठेव्यावर त्यांचा अधिकार मान्य केला असून, असा ठेवा वापरण्यापूर्वी त्यांची पूर्वसंमती आवश्यक ठरवली आहे. तेव्हा पात्र रंगवण्याआधी ते कोणत्या बेटाचे आणि कोणत्या भाषेचे आहे, हे ठरवावे, आणि विधीचा आधार घ्यायचा असेल तर त्या समाजातील माणसांना विचारूनच पुढे जावे.