कॅमेऱ्यातनं मिळतंय काय?

हौसेला मोल नसतं असं ज्यानं कुणी म्हटलंय त्यानं लेन्सचे भाव बघितले नव्हते. हौसेला मोल असतंय आणि ते चांगलं हजारांत असतंय. 2019 च्या जानेवारीपासून डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी 28 चा 18 टक्के झाला, तेवढीच काय ती सरकारची कृपा. भाव आहे तो आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही, खरं हा खर्च घरच्यांना पटवायला आम्ही फोटोवाले जी एकेक कारणं काढतो ना, त्यांचं हसू येतंय आता.

सगळ्यात लाडकं कारण भागाकाराचं. कॅमेरा चाळीस हजाराचा, फोटो काढले वीस हजार, म्हणजे फोटो दोन रुपयाला पडला, बघा किती स्वस्त! मग असं करा, बर्स्ट मोड लावा आणि भिंतीकडं तोंड करून बटण दाबून धरा, सेकंदाला पाच फोटो, संध्याकाळपर्यंत कॅमेरा फुकटात पडतोय की. रोलच्या काळात हा हिशोब खरा होता, 36 चा रोल, सांभाळून भरला तर एखाद-दुसरा जास्तीचा निघायचा, वर धुवायचे पैसे, प्रिंटचे पैसे, म्हणजे प्रत्येक क्लिकला खिशातनं काहीतरी जात होतं. गंमत अशी की पहिला डिजिटल कॅमेरा कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसननं 1975 ला बनवला, एक फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागायचे, आणि रोल विकून जगणारी ती कंपनी 2012 ला दिवाळखोरीत गेली. आता क्लिक फुकट आहे, पैसे सगळे आधीच मोजलेले असतात. तेही पूर्ण फुकट कुठाय म्हणा, 24 मेगापिक्सेलची एक रॉ फाईल (कॅमेऱ्यानं टिपलेला कच्चा फोटो) पंचवीस-तीस एमबीची, एका रविवारी चारशे क्लिक झाले की दहा-बारा जीबी गेले, मग हार्डडिस्क, मग त्या हार्डडिस्कची कॉपी ठेवायला दुसरी हार्डडिस्क.

दुसरं कारण, "ह्यातनं चार पैसे सुटतील". हे कारण घरात एकदा सांगितलात की संपलात. पुढच्याच महिन्यात चुलतभावाच्या साखरपुड्याला गळ्यात कॅमेरा अडकवून उभं राहायचं, जेवायला शेवटच्या पंगतीत बसायचं, आणि वर "अजून फोटो दिला नाहीस रे" ऐकायचं. आणि खरोखर धंदा करणाऱ्याला काय काय लागतंय बघा, दोन बॉडी (म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा), दोन कार्डांवर एकदम सेव्ह होणारा कॅमेरा, फ्लॅश, सोबतीला माणूस, सीझन गेला की बसून राहायची तयारी. त्यांच्या पोटावर हौशी माणसानं फुकट फोटो काढून पाय कशाला द्यायचा? मी तर सरळ नाही म्हणतो, दोन-तीन पाहुणे रुसून आहेत अजून.

आमचे मामा येळ्ळूरकडचे, शर्यतीची बैलजोडी आहे त्यांच्याकडं. त्या बैलांनी आजवर नांगर ओढलेला कुणी बघितला नाही, त्यांना खुराक वेगळा, गोठ्यात पंखा वेगळा. तर हेच मामा मला म्हणतात, "एवढे पैसे घातलास त्यात, खरं मिळतंय काय?" मी म्हटलं मामा, तुमच्या बैलांना काय मिळतंय ते सांगा, मी तेच लिहून देतो. मामा हसले आणि बैलाच्या पाठीवरनं हात फिरवत बसले. त्यांनी खर्च कधी लपवला नाही, मामींना पै-पैचा आकडा पाठ आहे, भांडणं होतात, बैल आहेतच. आमच्यात मात्र लेन्स घ्यायची आणि बायकोला किमतीतलं एक शून्य खाऊन सांगायचं, नाहीतर "मित्राची आहे, वापरायला दिलीय". कशाला? महिन्याला एवढे हौसेचे, दोघांचेही, असं ठरवून बाजूला काढले की विषय संपतोय. आमच्या घरात तिचे पैसे भिशीत जातात, मी विचारत नाही.

आणि पैसे घालायचेच तर बॉडीवर कमी घाला हो. दरवर्षी नवं मॉडेल येतंय म्हणून जुनं बिघडत नाही. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स 50 एमएमच्या आसपास एफ 5.6 ला येऊन थांबते (हा एफचा आकडा जेवढा लहान तेवढा उजेड जास्त), साधी 50 एमएमची 1.8 घेतली की जवळपास दहापट उजेड आत येतोय. हा दहापट म्हणजे काय ते आपल्या शिवजयंतीच्या रात्री कळतंय. बेळगावची चित्ररथांची मिरवणूक, हॅलोजन एकीकडंच, बाकी अंधार, आणि रथावर भाला घेतलेलं एक पोरगं उभ्याउभ्या पेंगत होतं, चिकटवलेली मिशी एका बाजूनं सुटून ओठावर लोंबत होती. तो फोटो मोबाईलवर पण आला असता, नाही असं नाही, खरं त्या पोराच्या पापण्या दिसल्या नसत्या. मला त्या पापण्यांसाठी पैसे घालायचे होते, बस्स, ह्याच्यापुढं मला कारण सुचत नाही आणि शोधायचंही नाही.

एक खर्च मात्र कुणीच आधी सांगत नाही, आपल्याकडच्या पावसाचा. खानापूर, जांबोटी, चोर्ला ह्या बाजूला पावसाळ्यात फिरून आलात आणि बॅग तशीच कपाटात ठेवलात की लेन्सला बुरशी. समोरनं काही दिसत नाही, टॉर्च मारून आत बघितलं की कोळिष्टकासारखे पांढरे धागे. महागडं ड्राय कॅबिनेट नसलं तरी चालतंय, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि दमटपणा दाखवणारा छोटा मीटर, काटा चाळीस-पन्नास टक्क्यांच्या मध्ये राहिला की झालं.

2018 ला कॅनन आणि निकॉननं मिररलेसचे (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांचे) नवे माउंट, म्हणजे लेन्स बसवायची जागा, काढल्यापासनं बरेच लोक जुन्या आरशावाल्या डीएसएलआरच्या लेन्सा काढून टाकायला लागलेत, माझ्यासारख्याचं त्यात भलंच आहे. मला ह्या पावसाळ्याआधी मॅक्रो, म्हणजे बारीक गोष्टी अगदी जवळनं टिपणारी लेन्स पाहिजे. आंबोलीत पाण्यावर झुकलेल्या पानांना मलबारी उडत्या बेडकाची फेसाची घरटी लागतात, पिल्लं त्यातनं खाली पाण्यात पडतात, ते जवळनं बघायचंय. निकॉनच्या डीएसएलआरला बसणारी 90 किंवा 105 एमएमची मॅक्रो कुणाकडं पडून असेल तर इनबॉक्स करा. किंमत उघड सांगा, मी घरात तीच सांगणार आहे, आणि देण्याआधी टॉर्च मारून बघा.