शोकस्थळांची जाहिरात कोण लिहितो?

30 जुलै 2024 च्या पहाटे वायनाडमध्ये दरडी कोसळल्या आणि बचावकार्य चालू असतानाच, केवळ पाहायला म्हणून कोणी येऊ नये, असे आवाहन केरळ पोलिसांना करावे लागले. अशा वेळी भारतात एक सूर हमखास लागतो: आपल्या लोकांना भान नाही, परदेशात शोकस्थळे कशी जपतात ते पाहा. लंडनमध्ये राहून मला हा दाखला पटत नाही.

याच शहरात 14 जून 2017 रोजी ग्रेनफेल टॉवरला आग लागून 72 माणसे गेली, आणि जळक्या इमारतीसमोर सेल्फी घेऊ नका, अशा विनवण्या रहिवाशांना कराव्या लागल्या. पूर्व लंडनमध्ये 1888 साली ज्या स्त्रियांचे खून झाले, त्यांच्या नव्हे, तर 'जॅक द रिपर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या अज्ञात खुन्याच्या नावाने आजही पायी सहली विकल्या जातात. केबल स्ट्रीटवरच्या 'जॅक द रिपर' संग्रहालयाने तर कळसच केला. परवानगी मागताना ते स्त्रियांच्या इतिहासाचे संग्रहालय होणार होते. 2015 मध्ये दारे उघडली तेव्हा पाटीवर खुनी होता. निदर्शने झाली, धंदा थांबला नाही.

अशा जागी जाण्याच्या ओढीत मला स्वतःला काही गैर वाटत नाही. घडले ते कुठे घडले, हे डोळ्यांनी पाहावेसे वाटणे माणसाला स्वाभाविक आहे, आणि पुस्तकातून न कळलेले काही तिथे उभे राहिल्यावर कळतेही. बिघाड होतो तो ही ओढ विकणारा मध्ये आला की. पोलंडमधील ऑशविट्झ या नाझी छळछावणीच्या स्मारकाने 2019 मध्ये, रुळांवर तोल सांभाळत छायाचित्रे काढू नका, असे जाहीरपणे सांगितले. पण क्राकोमधील सहल कंपन्या तेच स्मारक आणि व्येलिच्काची मिठाची खाण एका दिवसाच्या सहलीत बसवतात. स्मारक चालवणाऱ्यांचा संयम त्यांच्या फाटकापर्यंतच चालतो.

मात्र नफेखोर दुकानदारावर सगळे खापर फोडून भागणार नाही. जालियनवाला बागेत प्रवेशाला तिकीट नाही, आणि तरीही 2021 च्या नूतनीकरणाने तिथे जे झाले ते मला रिपरच्या पाटीइतकेच खटकते. डायरच्या सैनिकांनी 1919 साली ज्या बोळातून प्रवेश केला, तो इतका अरुंद होता की मशीनगन बसवलेल्या चिलखती गाड्या आत नेता आल्या नाहीत. नेता आल्या असत्या तर बहुधा त्याही वापरल्या असत्या, असे खुद्द डायरने हत्याकांडाची चौकशी करणाऱ्या हंटर समितीपुढे सांगितले. म्हणजे तो बोळ हाच पुरावा होता. त्याच्या भिंतींवर शिल्पे बसवून त्याचे शोभिवंत प्रवेशद्वार केले गेले, आणि संध्याकाळसाठी ध्वनिप्रकाश कार्यक्रम आला. (सरकारी सुशोभीकरणाला जाहिरात म्हणायला आपण का कचरतो, कोण जाणे.)

लंडनकडून घ्यायचेच असेल, तर शिस्तीचा दाखला घेऊ नये. ग्रेनफेलच्या स्मारकासाठी नेमलेल्या आयोगाची रचना घ्यावी. त्या आयोगात आप्त गमावलेले, आगीतून वाचलेले आणि परिसरातील रहिवासी बसले आहेत. भोपाळमध्ये वायुगळतीतून वाचलेल्यांच्या पुढाकाराने 2014 मध्ये स्वतंत्र संग्रहालय उभे राहिले आहेच. ती गळती जिथे झाली, त्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या आवारातून सुमारे 337 टन विषारी कचरा जानेवारी 2025 मध्ये पीथमपूरला हलवण्यात आला. कारखान्याच्या त्या जागेवर सरकारी स्मारकाचा आराखडा निघाला, तर तो नाकारण्याचा अधिकार या वाचलेल्या लोकांकडे असायला हवा, आणि तोही निविदा काढण्याआधी.