दहाचा एक केला, आणि म्हणे भाव वाढला!

काही वर्षांपूर्वी लातूरच्या औसा रोडवर एका किरकोळ विक्री कंपनीचे झगमगीत दालन उघडले आणि तिथली गर्दी पाहून आमच्यासारख्या अनेकांनी त्या कंपनीचे शेअर घेतले. पुढे दालन बंद पडले आणि आठ रुपयांचा शेअर तीन रुपयांवर आला. इथपर्यंत माझी काहीही तक्रार नाही, कारण सोयाबीन आणि तुरीचे भाव पाहत वाढलेल्या माणसाला धंद्यातली जोखीम कुणी शिकवायला नको. संताप आहे तो त्यानंतरच्या कारभाराचा.

कंपनीने एक रुपया दर्शनी मूल्याचे (म्हणजे शेअरवर नोंदवलेल्या मूळ किमतीचे) दहा शेअर एकत्र करून दहा रुपये दर्शनी मूल्याचा एक शेअर केला. बाजारात याला रिव्हर्स स्प्लिट म्हणतात. शेअरची संख्या दहाव्या हिश्श्यावर येते, भाव कागदोपत्री दहापट होतो आणि कंपनीची एकूण किंमत होती तेवढीच राहते. दहा कट्ट्यांतले सोयाबीन एका मोठ्या पोत्यात ओतल्याने माल किलोभरही वाढत नाही, हे आडतीवरचा हमालसुद्धा सांगेल. आम्हाला आलेल्या इंग्रजी सूचनेत मात्र भांडवलाची रचना सुटसुटीत होईल, शेअरची प्रतिमा उंचावेल, अशी गोडगोड भाषा होती. कर्ज कसे फेडणार आणि दालनांचे थकलेले भाडे कोण देणार, यावर अवाक्षर नव्हते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ६१ नुसार अशा एकत्रीकरणाला भागधारकांच्या सभेतला साधा, म्हणजे निम्म्याहून अधिक मतांचा, ठराव पुरतो आणि मतांच्या टक्केवारीत फरक पडणार असेल तरच कंपनी कायदा न्यायाधिकरणाची मंजुरी लागते. निम्म्याहून अधिक शेअर प्रवर्तकांच्याच, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मूळ मालकांच्याच, मुठीत असतील, तर आमच्या ई-मतदानाचा उपयोग तो काय?

सर्वात चीड आणणारा प्रकार ट्रेडिंग ॲपवर घडला. जुने शेअर गोठवले गेले आणि नव्या आयएसआयएन क्रमांकाचे (शेअरच्या ओळख क्रमांकाचे) शेअर व्यवहारासाठी खुले होईपर्यंत विक्रीची सोयच राहिली नाही. नंतर व्यवहार सुरू झाले तेव्हा ॲपने बाजारभाव नवा, म्हणजे तीस रुपये, दाखवला, पण माझी खरेदीची किंमत जुनीच, म्हणजे आठ रुपये, ठेवली. परिणामी साडेबासष्ट टक्के तोट्यात असलेल्या माणसाच्या खात्यावर २७५ टक्के नफा हिरव्या अक्षरांत झळकू लागला! घरातल्या मंडळींनी अभिनंदन केले, धाकट्या भावाने पार्टी मागितली, आणि खरेदीची किंमत आता ऐंशी रुपये धरायची असते हे प्रत्येकाला समजावताना माझा घसा कोरडा पडला. ग्राहक सेवेकडे विचारणा केली, तर थोडे थांबा, आपोआप दुरुस्त होईल, एवढेच ठरलेले उत्तर.

अमेरिकेतल्या दुकानदारी कंपन्यांनी तर ही वाट चांगलीच मळवून ठेवली आहे. न्यूयॉर्क शेअर बाजारात सलग तीस व्यवहार दिवसांचा सरासरी भाव एक डॉलरखाली गेला की कंपनीला नोटीस मिळते आणि बाजारातून हकालपट्टी टाळण्यासाठी हा उपाय केला जातो. पियर वन या घरसजावटीच्या वस्तूंच्या कंपनीने जून २०१९ मध्ये वीस शेअरचा एक केला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. असेना रिटेल या कपड्यांच्या कंपनीने डिसेंबर २०१९ मध्ये तेच केले आणि जुलै २०२० मध्ये तीही त्याच दारात उभी राहिली. एक्सप्रेस या कपड्यांच्या कंपनीने ऑगस्ट २०२३ ते एप्रिल २०२४ या काळात तोच प्रवास केला. एकत्रीकरणामुळे त्या बुडाल्या असे मी म्हणत नाही. प्राइसलाइन या ऑनलाइन प्रवास-आरक्षण कंपनीने २००३ मध्ये सहाचा एक केला आणि पुढे ती कंपनी प्रचंड मोठी झाली, पण तिथे मुळात धंदा वाढत होता. इथे गिऱ्हाईक दालनाकडे फिरकेना आणि कंपनी मात्र भावाची पाटी रंगवण्यात दंग. तीस रुपयांचा तो शेअर लगेच घसरू लागला, यात नवल ते काय?

राहिला प्रश्न अपूर्णांकाचा. माझ्याकडे २४७ शेअर होते, त्यांचे चोवीस झाले आणि ०.७ शेअर उरला. असे सगळ्यांचे उरलेले तुकडे विश्वस्ताने एकत्र करून बाजारात विकायचे आणि ज्याची त्याची रक्कम खात्यात जमा करायची, अशी पद्धत आहे. ज्याच्याकडे दहापेक्षा कमी शेअर होते, त्याची तर भागधारक म्हणून नोंदच पुसली गेली, आणि ती कोणत्या भावाने हे त्याला कुणी विचारलेही नाही. माझ्या तुकड्याचे वीसएक रुपये बँकेच्या तपशिलात फरक असल्याचे सांगून परत गेले. आता निबंधकाचे, म्हणजे कंपनीच्या भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचे, म्हणणे असे की, रद्द केलेला धनादेश, पॅन कार्डाची साक्षांकित प्रत आणि सही केलेला अर्ज त्यांच्या मुंबईच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवावा. लातूरहून मुंबईला पाकीट पाठवायचा खर्च त्या रकमेहून अधिक येतो, आणि छायाप्रती वेगळ्याच.